मालाला नाव कोणी द्यायचे? मुनीमाने की यंत्राने?

मालेगावात कापडाचा व्यापार करणारी आमची ही तिसरी पिढी. आजोबांच्या वेळी दुकानात आठ फळ्या होत्या. डाव्या हाताला लट्ठा आणि मलमल, समोर रंगीत साडी, उजवीकडे लुंगी, चादर, अस्तर. नवा माल आला की आजोबा ताका उलगडून बोटांनी चोळून पाहत आणि फक्त एक शब्द उच्चारत. तो शब्द मुनीमजी वहीत लिहीत आणि पोऱ्या ताका त्या फळीवर नेऊन ठेवी. पन्नास वर्षांत आठाच्या अकरा फळ्या झाल्या, बारावी झाली नाही.

तीन वर्षांपूर्वी मुलाने दुकानाचे संकेतस्थळ काढले. तेव्हा मी विरोध केला नाही, आजही करीत नाही. धुळे, जळगाव, नांदेडचे गिऱ्हाईक फोनवर माल पाहून गाठी मागवते, त्याला विरोध करून मी खाणार काय? माझा वाद वेगळ्या गोष्टीशी आहे. आपले बरेच व्यापारीबंधू आज याच वाटेने चालले आहेत, म्हणून तो वाद येथे मांडतो.

आमचे संकेतस्थळ वर्डप्रेस नावाच्या व्यवस्थेवर चालते. ही व्यवस्था 2003 साली आली आणि आज जगातील असंख्य लहानमोठी संकेतस्थळे तिच्यावरच उभी आहेत. तिच्यात प्रत्येक मालाची एक नोंद असते, तिला पोस्ट म्हणतात. नोंदी लावण्यासाठी दोन प्रकारची नावे मिळतात. एक कॅटेगरी, म्हणजे आमच्या भाषेत फळी. दुसरे टॅग, म्हणजे ताक्यावर चिकटवलेली चिठ्ठी. ही चिठ्ठीची सोय 2007 साली 2.3 या आवृत्तीत आली. फळ्या थोड्या असाव्यात, चिठ्ठ्या हव्या तितक्या, एवढे सोपे हे शास्त्र आहे. अडचण अशी की फळी कोणी उघडायची याला यंत्राकडे काहीच अटकाव नाही. हुकूम दिला की ते नवी फळी ठोकून मोकळे होते.

मुलाच्या ओळखीच्या एका तरुणाने तसाच हुकूम देऊन ठेवला. नोंद जतन झाली की तिच्या नावाची एक कॅटेगरी आपोआप तयार व्हावी आणि नोंदीतील मजकूर वाचून आणखी चार-पाच नावे यंत्राने स्वतः काढावीत, असा तो हुकूम. मुलगा खूष झाला. म्हणाला, "अब्बा, आता हाताने काही लावायला नको." सहा महिन्यांनी मी स्वतः बसून मोजले. माल चारशेच्या आसपास, आणि फळ्या अकराशेच्या वर! त्यांतील निम्म्याहून अधिक फळ्यांवर एकेकच ताका होता. एका ताक्याची फळी ही कसली फळी? गिऱ्हाइकाला वाट दाखवण्यासाठी फळी असते. येथे गिऱ्हाईक अकराशे पाट्यांच्या गल्लीत उभे राहून परत जात होते.

या फळ्यांत एकीचे नाव होते "ऑटो ड्राफ्ट". असले कापड मी जन्मात पाहिले नव्हते. मुलाला विचारले तर तो हसू लागला. पुढे कळले की वर्डप्रेसमध्ये "नवी नोंद" हे बटण दाबताच, आपण एक अक्षरही लिहिण्याआधी, यंत्र आतल्या आत एक कोरी नोंद करून ठेवते आणि तिला हे नाव देते. ती नोंद तशीच सोडून दिली तर सात दिवसांनी यंत्र तिला स्वतः पुसते. आमच्या तरुणाचा हुकूम होता "जतन झाले की फळी उघड". यंत्राने कोरी नोंद जतन केली आणि हुकूम पाळला. आठवड्याने नोंद गेली, फळी राहिली. तसेच मसुद्याचे. माणूस लिहिता लिहिता थांबतो, खोडतो. अर्धे नाव लिहून मसुदा जतन केला तर तेही बाजारात पाटी होऊन लटकते. मुनीमजींनी कच्च्या चिठ्ठीवर जे खरडले ते कधी पक्क्या वहीत चढत नसे. पक्की वही संध्याकाळी लिहिली जाई. कच्चे-पक्के हा भेद ज्याला शिकवला नाही त्याच्या हाती वही देणे, ही चूक यंत्राची म्हणता येत नाही.

पण हे झाले हसण्यासारखे. दुसऱ्या प्रकाराने मला रात्रभर झोप आली नाही.

धुळ्याचे एक घराणे आमच्याकडून तीस वर्षे माल नेते. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते. तिच्या आईने फोनवर पांढरी मलमल पाहिली आणि मला विचारले, "काका, कापड छान आहे, पण खाली हे काय लिहिले आहे?" मी चष्मा लावून पाहिले. मलमलीच्या फोटोखाली कॅटेगरी होती "कफन".

लग्नघरातल्या बाईला मी काय उत्तर द्यावे? माफी मागितली. त्या सुज्ञ होत्या, माल त्यांनी नेला. पण हे झाले कसे, याचा छडा लावल्याशिवाय मला राहवेना. लट्ठ्याच्या नोंदीत मुलाने प्रामाणिकपणे लिहिले होते की हे कापड पायजमा, उशीचे अभ्रे आणि कफनासाठी जाते. त्यात गैर काही नाही, ते खरेच आहे. मलमलीच्या नोंदीत लिहिले होते, "झिरझिरीत असल्यामुळे ही कफनासाठी देत नाही." देत नाही! आणि यंत्राने नेमके तेच नाव तिला लावले.

याचे कारण मुलीने समजावले. ती संगणकाचे शिक्षण घेत आहे. मजकुरातून महत्त्वाचे शब्द काढण्याची एक जुनी रीत आहे. या नोंदीत शब्द किती वेळा आला ते मोजायचे आणि बाकीच्या नोंदींत तो किती दुर्मिळ आहे ते पाहायचे. सगळीकडे आढळणारा शब्द निकामी, थोड्या ठिकाणी आढळणारा मोलाचा. दुर्मिळतेला असे वजन देण्याची कल्पना कॅरेन स्पार्क जोन्स या इंग्लंडमधील संशोधक बाईंनी 1972 साली मांडली आणि शोधयंत्रांनी ती पुढे फार वापरली. कल्पना हुशारीची आहे. आमच्या चारशे नोंदींत "कापड", "सुती", "रंग" हे शब्द सर्वत्र, म्हणून त्यांची किंमत शून्य. "कफन" दोनच नोंदींत, म्हणून तो सर्वांत मोलाचा ठरला. पण ही रीत शब्द मोजते, वाक्य वाचत नाही. "देतो" आणि "देत नाही" यांत तिला फरक दिसत नाही. बाजारात या एका "नाही"वर सौदे तुटतात आणि जुळतात.

आपल्या भाषेपुढे तर ही मोजणी आणखीच फसते. इंग्रजीत शब्द फारसा बदलत नाही. मराठीत साडी, साड्या, साडीचा, साडीवर, साड्यांना अशी किती रूपे होतात! प्रत्यय सोडवून मूळ शब्द काढण्याची सोय नसेल तर यंत्र त्यांना पाच वेगळे शब्द समजते. आमच्याकडे "साडीचा" आणि "साडीवर" या दोन स्वतंत्र फळ्या खरोखरच होत्या.

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, म्हणून काही मालाची नावे मी उर्दूतही लिहितो. तेथे निराळीच गंमत झाली. संगणकाच्या हिशेबात अरबीचा काफ आणि उर्दूचा काफ ही दोन वेगळी अक्षरे आहेत, छोटी येदेखील दोन प्रकारची. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये ती लिहिली तर डोळ्यांना एकच दिसतात. माझ्या फोनवर उर्दूचा कळफलक, मुलाच्या संगणकावर अरबीचा. परिणाम असा की "रेशम" या नावाच्या दोन फळ्या शेजारीशेजारी, एकीवर नऊ ताके, दुसरीवर चार. दिवसभर पाहत बसलो तरी फरक दिसला नसता.

मराठी नावांचे दुखणे आणखी एक आहे. प्रत्येक फळीला वर्डप्रेस एक पत्ता देते आणि त्याची लांबी दोनशे चिन्हांपर्यंत ठेवते. इंग्रजीला ती भरपूर आहे. देवनागरीच्या एका अक्षराला, वेगळ्या काना-मात्रेलासुद्धा, आतल्या लिपीत नऊ चिन्हे लागतात. म्हणजे बाविसाच्या आसपास अक्षरे झाली की पत्ता छाटला. आमच्या "मालेगाव रंगीत सुती साडी मोठा काठ" आणि "मालेगाव रंगीत सुती साडी मध्यम काठ" या दोन्ही नावांचा पत्ता "साडी"पुढच्या "म"वर तुटला. दोघींचा पत्ता एकच झाला, म्हणून यंत्राने दुसरीच्या पुढे दोनचा आकडा लावला. मोठा काठ कोणता आणि मध्यम कोणता हे त्या पत्त्यावरून कोणी ओळखून दाखवावे.

काही वाचक म्हणतील, नावात एवढे काय आहे? गिऱ्हाइकाला फोटो दिसतो ना! त्यांच्यासाठी हिशेबाची गोष्ट सांगतो. बिल काढणाऱ्या प्रणालीला मुलाने कॅटेगरीवरून कराचा कोड उचलायला सांगितले होते. जीएसटीत साडी कितीही महाग असो, ती न शिवलेली असल्यामुळे कापडात मोडते आणि तिला पाच टक्के कर लागतो. शिवलेला कपडा मात्र 22 सप्टेंबर 2025 पासून नगाला अडीच हजारांपर्यंत पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के. आमच्या एका साडीची किंमत 4200 रुपये. वर्णनात मुलाने लिहिले होते, "माल तयार, लगेच रवाना." यंत्राने "तयार" हा शब्द उचलून साडी "तयार कपडे" या फळीवर ठेवली. 210 रुपये कराच्या जागी बिलात 756 रुपये आले. गिऱ्हाइकाकडून 546 रुपये जादा मागितले गेले असते. मुनीमजींनी बिल हाताने तपासले म्हणून वाचलो. वय सत्तर, संगणक येत नाही, पण आकडा पाहून त्यांना खटकले.

नाव म्हणजे नुसती चिठ्ठी नसते. कापडाच्या नावांत माणसांची वाट दिसते. कॅलिको हे नाव कालिकतवरून पडले, मस्लिन हे मोसुल शहरावरून. साहेब लोक ज्याला डंगरी म्हणत ते जाडेभरडे कापड आपल्या मुंबईच्या डोंगरीचे. ही नावे कोणी मजकुरातील शब्द मोजून काढली नाहीत. घेणाऱ्याने विचारले, देणाऱ्याने सांगितले, शंभर वर्षे तसे चालले तेव्हा नाव पक्के झाले.

मशरूचेच घ्या. वरून रेशीम, अंगाला लागणारी बाजू सुती. पुरुषाला अंगावर रेशीम वर्ज्य, म्हणून ही विणकरांची युक्ती, आणि म्हणून नावही "मशरू", म्हणजे शरियतने मुभा दिलेले. आता यंत्राला धाग्यावरून वर्ग काढायला सांगितले तर ते काय करील? वर्णनात रेशीम शब्द जास्त वेळा आला तर रेशमात टाकील, सूत जास्त वेळा आले तर सुतीत. ज्या गिऱ्हाइकाला मशरूच हवा आहे, त्याला तो दोन्ही ठिकाणी सापडणार नाही आणि रेशमाच्या फळीवर सापडला तर तो घेणार नाही. मी हे तर्काने सांगत नाही, आमच्याकडे तो रेशमातच गेला होता.

या विषयावर आपल्या देशात फार मोठे काम झालेले आहे, हे मला मुलीकडूनच कळले. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी 1933 साली पुस्तकांच्या वर्गीकरणाची कोलन पद्धत प्रसिद्ध केली. लंडनच्या एका मोठ्या दुकानात मेकॅनो नावाचे खेळणे पाहून त्यांना ती सुचली म्हणतात. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की दर वेळी नवी वस्तू. त्यापूर्वीची रीत अशी की पुस्तकाला एकच खण. रंगनाथन म्हणाले, खण करू नका, पैलू पाडा. विषय कोणता, पदार्थ कोणता, क्रिया कोणती, स्थळ कोणते, काळ कोणता, हे वेगवेगळे सांगा आणि मग जोडा. मी हे ऐकले तेव्हा वाटले, हा माणूस कापडबाजारात बसलेला असावा! ताक्याची ओळख आम्ही अशीच देतो. धागा काय, वीण काय, वजन किती, पन्हा किती, जाणार कशाला. जगभरच्या जकातीचे कोडही याच चालीचे आहेत. सुती कापडात सूत 85 टक्के किंवा अधिक असेल, तर चौरस मीटरला 200 ग्रॅमपर्यंतचे 5208 मध्ये आणि त्याहून जड ते 5209 मध्ये. ही रेघ यंत्राने शब्द मोजून ओढलेली नाही. माल ओळखणाऱ्या लोकांनी बसून ओढली आहे.

मुलाची बाजू न सांगणे अन्याय होईल. तो म्हणतो, "अब्बा, तुम्ही चारशे नोंदींचे सांगता. ज्यांच्याकडे लाखो नोंदी आहेत त्यांनी काय करायचे? तेवढे मुनीम कोठून आणायचे?" त्याचे म्हणणे खरे आहे. मोठ्या बाजारपेठांचे काम यंत्राशिवाय होणार नाही. शिवाय आजची यंत्रे 1972 च्या रीतीवर थांबलेली नाहीत. नवी भाषायंत्रे वाक्य वाचतात. मुलाने मलमलीची तीच नोंद अशा यंत्राला दिली तेव्हा त्याने "कफन" लावले नाही, "देत नाही" हे त्याला समजले. मी कबूल केले. पण तेच यंत्र सोमवारी "फिकट गुलाबी सुती" म्हणाले आणि गुरुवारी त्याच कापडाला "हलका गुलाबी कॉटन". दोन्ही नावे बरोबर, पण फळ्या दोन झाल्या. हुशार पोऱ्या आणि मुनीम यांत हाच फरक आहे. पोऱ्या रोज चांगले नाव सांगतो, मुनीम काल सांगितलेलेच नाव आज सांगतो.

म्हणून आम्ही घरात बसून तडजोड केली, ती सांगतो. अकरा फळ्या माझ्या. त्या कोणीही उघडायच्या नाहीत, बंद करायच्या नाहीत. यंत्राला त्या अकरांची यादी दिली आहे, तिच्यातूनच त्याने एक निवडायची. चिठ्ठ्या मात्र त्याने सुचवायच्या, पण त्या मंजुरीशिवाय लागत नाहीत. नोंद पक्की होऊन गिऱ्हाइकाला दिसू लागेपर्यंत काहीही तयार होत नाही, त्यामुळे "ऑटो ड्राफ्ट"चा अंत झाला. बिलाचा कोड आता फळीवरून उचलला जात नाही, मुनीमजी तो प्रत्येक मालाला स्वतः सांगतात आणि मुलगा भरतो.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चिठ्ठी आणि नोंद यांचे नाते नावाने बांधायचे नसते, क्रमांकाने बांधायचे असते. आमच्याकडे "औरंगाबाद हिमरू शाल" अशी नोंद होती. 2023 साली शहराचे सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर झाले. त्या नावाच्या वादात येथे शिरायचे नाही. पुढे मुलाने नोंदीचे नाव बदलले तेव्हा यंत्राला वाटले हा नवा माल आहे. त्याने नवी फळी उघडली. जुनी तशीच राहिली, तीवर माल शून्य. जुन्या गिऱ्हाइकांनी जपून ठेवलेला दुवा रिकाम्या फळीवर जाऊ लागला आणि तीन महिने एक शाल विकली गेली नाही. हिमरूचे विणकर आता उरलेत किती, त्यात हा फटका. क्रमांकाने बांधले असते तर नाव बदलून फळी तीच राहिली असती. आता तसेच बांधले आहे, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्यालाही माल सापडतो.

अकराशे फळ्या साफ करायला मला आणि मुलीला रमजानच्या आधीचे तीन आठवडे लागले. इशाची नमाज झाली की बसायचो. ती नाव वाचायची, मी सांगायचो ठेव किंवा काढ. काढण्याआधी तीवरचा माल योग्य फळीवर हलवायचा, नाहीतर माल कोठेच राहत नाही. तसा नाही ठेवला तर वर्डप्रेस त्याला "अनकॅटेगराइज्ड" नावाच्या फळीवर टाकते. आमच्या गोदामातही तसा एक कोपरा आहे, त्याला आम्ही "नंतर बघू" म्हणतो.

आता दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर मुलगी आठवड्याच्या सुचवलेल्या चिठ्ठ्या छापून माझ्यापुढे ठेवते. कागदावरच हव्यात असा माझा हट्ट आहे. गेल्या शुक्रवारी चौदा आल्या. "मोठा पन्हा" आणि "दुहेरी अस्तर" या दोन ठेवल्या. दुसरी मला स्वतःला सुचली नव्हती आणि ती पाहून जळगावच्या एका शिंप्याने दोन ताके मागवले, हेही नमूद करतो. "उत्तम" ही चिठ्ठी यंत्राने सलग तिसऱ्या आठवड्यात सुचवली, ती मी तिसऱ्यांदा खोडली.